दुकानदारांची वाटणी आणि विद्वानांची

अमेरिकेत ब्लूज संगीत काळ्यांचं आणि कंट्री संगीत गोऱ्यांचं, ही वाटणी केली कोणी? गेले काही दिवस डोक्यात हेच घोळतंय. उत्तराचा एक भाग सरळ आहे: रेकॉर्ड विकणाऱ्यांनी.

1920 साली ओके या रेकॉर्ड कंपनीनं काळी गायिका मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' काढलं आणि ते धडाक्यात खपलं. काळं गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार आहे म्हटल्यावर त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड्स' अशी वेगळी मालिकाच निघाली. मागोमाग दक्षिणेतल्या गोऱ्या खेडूत वादकांची दुसरी, तिला 'हिलबिली' म्हणायचे. (या धंद्यात विस्कॉन्सिनची एक खुर्च्या बनवणारी कंपनीसुद्धा उतरली होती. पॅरामाउंटच्या तबकड्या तिच्याच!) प्रत्यक्षात गावात काय चालायचं? मिसिसिपी जॉन हर्ट या काळ्या ब्लूज गायकाचं नाव 1928 मध्ये ओकेला सुचवलं ते विली नारमोर या गोऱ्या फिडलवाल्यानं (फिडल म्हणजे व्हायोलिन). हर्ट त्याच्या साथीला बसायचा. तबकडीवर मात्र दोघे दोन वेगळ्या मालिकांत.

दुकानदारांचं एक वेळ समजू शकते, त्यांना माल खपवायचा होता. माझा राग आहे तो अभ्यासकांवर. लोकगीतं गोळा करणारा जॉन लोमॅक्स आणि मुलगा ॲलन 1933 मध्ये तुरुंगांतून गाणी टिपत फिरले, कारण रेडिओ-जॅझचा वारा न लागलेलं 'अस्सल' तिथंच मिळेल असा हिशोब. तिथं त्यांना लेडबेली हा काळा गायक सापडला. त्याला आवडायचा जीन ऑट्री, सिनेमातला गाणारा काउबॉय!

आज मिसिसिपीतल्या कोआहोमा काउंटीच्या पाहणीबद्दल वाचलं आणि थांबावंसंच वाटेना. 1941-42 मध्ये फिस्क हे काळ्यांचं विद्यापीठ आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस (तिच्यातर्फे ॲलन लोमॅक्स) यांनी मिळून ती केली. स्टोव्हॉलच्या मळ्यावर मडी वॉटर्स पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला तो याच कामात. फिस्कच्या मंडळींनी त्याला काय काय वाजवता येतं ते टिपून घेतलं. डेल्टा, म्हणजे मिसिसिपीतल्या या सखल भागातल्या ब्लूजचा हा पुढचा महापुरुष, आणि यादीत जीन ऑट्रीची गाणी! फिस्कच्या लुईस जोन्सनं तर तिथल्या क्लार्क्सडेल गावच्या काळ्या वस्तीतल्या ज्यूकबॉक्समधल्या (नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) तबकड्यांची यादी उतरवून घेतली. काउंट बेसी, लुई जॉर्डन, फॅट्स वॉलर, ही शहरी जॅझमधली गाजलेली नावं. म्हणजे न्यूयॉर्क-शिकागोत वाजत होतं तेच. 'अस्सल' शोधायला निघालेला माणूस ज्यूकबॉक्सकडे वळूनही पाहणार नाही. जोन्सनं पाहिलं, म्हणून लोक पैसे टाकून काय ऐकत होते ते आज आपल्याला कळतं. अशी एक यादी मला दहा सिद्धान्तांहून मोलाची वाटते.

फिस्कचा संगीतज्ञ जॉन वर्क स्वतः काळा, स्वतः संगीतकार. त्यानं या ध्वनिमुद्रणांवरून गाण्यांचं स्वरलेखन केलं, लेख लिहिला, आणि ते हस्तलिखित कुठं गेलं याचा कित्येक वर्षं कोणाला पत्ता नव्हता. वर्क 1967 मध्ये वारला. ॲलन लोमॅक्सचं डेल्टावरचं पुस्तक 1993 साली आलं, त्याला मोठं बक्षीसही मिळालं. त्यात वर्कचा उल्लेख जेमतेम. वर्क, जोन्स आणि फिस्कचाच सॅम्युअल ॲडम्स या तिघांचं लिखाण छापून यायला 2005 उजाडलं.

उद्या लोमॅक्स बाजूला ठेवून वर्कचं स्वरलेखन वाचायला घेते. पाश्चात्त्य नोटेशन मला अडखळत वाचता येतं, पण तेवढ्यावर भागेल.