रेव्हरंड स्टीफन्सन आणि लॅम्बेथची मुले

इंग्लंडमध्ये प्रवचनांमुळे गाजलेले मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे) पाळक पुष्कळ झाले. मला मात्र रेव्हरंड टॉमस बोमन स्टीफन्सन (१८३९–१९१२) यांच्याविषयी अधिक कुतूहल वाटते. न्यूकॅसलमध्ये जन्मलेले हे वेस्लियन (मेथडिस्ट पंथाच्या एका शाखेचे) पाळक लंडनच्या लॅम्बेथ भागात नेमणुकीवर आले, तेव्हा उघड्यावर झोपणारी उपाशी मुले त्यांच्या दृष्टीस पडू लागली आणि १८६९ साली मित्रांच्या साहाय्याने एका जुन्या तबेल्याची डागडुजी करून त्यांनी त्या मुलांसाठी निवारा उघडला.

निराधार मुलांना वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना कामाच्या मोबदल्यात आसरा देणाऱ्या सार्वजनिक संस्थांच्या, अवाढव्य इमारतींत ठेवण्याच्या त्या काळात स्टीफन्सन यांनी मुलांचे लहान गट केले आणि प्रत्येक गट कुटुंबासारखा राहावा, त्याची देखभाल करणारे माणूस मुलांना नावाने ओळखणारे असावे, असा आग्रह धरला. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण या आग्रहात आहे. पुढे मुख्य केंद्र बेथनल ग्रीनला गेले, लँकशायरमधील एजवर्थ येथे शेतीची जोड मिळाली आणि सेवाकार्यासाठी स्त्रियांना शिक्षण देणारी वेस्ली डीकनेस संस्थाही त्यांनी १८९० मध्ये स्थापन केली.

त्यांच्या चाहत्यांना अडचणीचे वाटेल असे एक प्रकरणही आहे. १८७३ पासून त्यांनी काही मुले कॅनडातील हॅमिल्टनला पाठवली. हेतू चांगला असेलही. परंतु कोवळ्या वयात मायदेश तुटल्याचे दुःख हेतूने भरून निघत नाही, आणि मुलांना परदेशी धाडणाऱ्या अशा योजनांबद्दल ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये जाहीर माफी मागितली. त्यांची संस्था आज ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन’ या नावाने कार्यरत आहे.