गॅलिपोलीला जाताय? मग हेलेसला गेल्याशिवाय परत फिरू नका

तुर्कीला जाणारे आपले बहुतेक लोक इस्तंबूल, कप्पाडोक्या, पामुक्कले करून येतात आणि त्यात चूक काही नाही, पण ज्यांना दोन दिवस जास्त काढता येतील त्यांनी गॅलिपोलीला, पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर, नक्की जा. आणि गेलात तर फक्त ॲन्झॅकचा, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याचा, भाग बघून परत येऊ नका, दक्षिणेच्या टोकाला हेलेसला जा. तिथे दगडावर आपल्या माणसांची नावं आहेत आणि ती वाचायला आपल्याकडचं फारसं कोणी जात नाही, म्हणून हे सगळं लिहितेय.

मी आणि बाबा गेलो होतो. बाबा आर्मी सर्व्हिस कोअरमधून रिटायर झालेत, त्यातली काही वर्षं ॲनिमल ट्रान्सपोर्टला होते, म्हणजे खेचरांवरून डोंगरातल्या चौक्यांना रसद पोचवायची ती युनिट. त्यामुळे गॅलिपोलीत भारतीय खेचरवाले होते हे त्यांना नोकरीत असल्यापासून माहीत होतं आणि "एकदा ती जागा बघायचीय गं" हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

आधी थोडक्यात काय झालं ते, कारण ते माहीत नसेल तर तिथे नुसत्या टेकड्या आणि समुद्र दिसतो. पहिलं महायुद्ध, १९१५. दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून जहाजं घुसवून इस्तंबूल गाठायचं असा ब्रिटिश-फ्रेंच बेत, तो १८ मार्चला समुद्रातच फसला. मग २५ एप्रिलला पहाटे सैन्य किनाऱ्यावर उतरवलं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाले पश्चिमेला आज ज्याला ॲन्झॅक कोव्ह म्हणतात तिथे आणि ब्रिटिश दक्षिणेला हेलेसच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवर. आठ महिने लढून शेवटी सगळे परत गेले, हेलेसहून शेवटचे सैनिक जानेवारी १९१६ मध्ये निघाले. तुर्कांचेच ८० हजारांच्या वर लोक मेले, ते तर स्वतःच्या जमिनीवर उभे राहून लढत होते.

आणि यात आपले १५-१६ हजार लोक होते, त्यातले दीड हजाराच्या आसपास परत आले नाहीत. १४वी शीख पलटण, गुरखा पलटणी, पहाडी तोफखान्याच्या कोहाट आणि जेकब्स अशा दोन बॅटऱ्या, आणि खेचरगाड्यावाले. जेकब्स बॅटरी तर पहिल्याच दिवशी, २५ एप्रिललाच सकाळी ॲन्झॅकला उतरली. ऑस्ट्रेलियन लोकांच्या इतक्या मोठ्या राष्ट्रीय दिवसाच्या (२५ एप्रिल, ॲन्झॅक डे) गोष्टीत पहिल्या सकाळपासून पंजाबी तोफची आहेत हे आपल्या शाळेत मला तरी कोणी सांगितलं नाही.

आता कसं जायचं. इस्तंबूलहून चनाक्कलेची बस पकडायची, रस्त्याने साधारण पाच तास धरा. २०२२ मध्ये सामुद्रधुनीवर नवा पूल झालाय (मधला गाळा बरोब्बर २०२३ मीटर ठेवलाय, तुर्की प्रजासत्ताकाच्या शंभरीचं वर्ष म्हणून), त्यामुळे काही बसेस पुलावरून थेट पलीकडे चनाक्कलेला जातात आणि अलीकडच्या किनाऱ्यावरच्या एजेआबात गावाला थांबतच नाहीत, तिकीट काढतानाच विचारून घ्या. रणभूमी एजेआबातच्या बाजूला आहे. आम्ही चनाक्कलेत राहिलो कारण हॉटेलं आणि खायचे पर्याय तिथे जास्त, सकाळी फेरीने पलीकडे, अर्ध्या तासाच्या आत पोचता. फेरीत गाडीही नेता येते.

गाडी भाड्याने घ्याच हे माझं स्पष्ट मत आहे. टूरवाले जवळजवळ सगळे अर्ध्या दिवसात ॲन्झॅक कोव्ह, लोन पाइन, चुनुक बैर दाखवतात आणि परत आणून सोडतात, हेलेस त्यात नसतं, कारण त्यांचं गिऱ्हाईक ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचं. हेलेस एजेआबातहून तीसेक किलोमीटर आहे, रस्ता चांगला आणि गर्दी अजिबात नाही, पण सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर गेलात तर अर्धा दिवस वाट बघण्यात जाईल. भारतातून निघताना इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या. गाडी चालवायची नसेल तर एजेआबातमध्ये दिवसभराची टॅक्सी ठरवा आणि जायच्या जागा कागदावर तुर्की नावांनी लिहून द्या: सेद्दुलबहिर, एर्तुरुल कोयू, हेलेस अनिती, आल्चितेपे, झिनदेरे. इंग्रजांनी ठेवलेली नावं स्थानिकांना माहीत असतीलच असं नाही.

आम्ही आधी हेलेसच केलं. सेद्दुलबहिर गावाच्या खाली जो छोटा वाळूचा किनारा आहे तो व्ही बीच, तुर्की नाव एर्तुरुल कोयू. वर किल्ला, समोर चढ, मध्ये जेमतेम तीनशे मीटरची पट्टी. २५ एप्रिलला इथे रिव्हर क्लाइड नावाचं कोळशाचं जुनं जहाज मुद्दाम किनाऱ्यावर चढवलं होतं, आत दोन हजार सैनिक, बाजूला दारं कापलेली, त्यातून बाहेर पडायचं आणि होड्यांच्या पुलावरून वाळू गाठायची. वरून मूठभर तुर्क सैनिक गोळ्या घालत होते. डब्लिन आणि मन्स्टरच्या आयरिश पलटणींचे लोक दारातून बाहेर पडले की पडत होते, अंगावरच्या सामानाच्या वजनाने गुडघाभर पाण्यात बुडून मेले. किनाऱ्यालगतच त्यांची स्मशानभूमी आहे, पाण्यापासून काही पावलांवर. त्या वाळूवर उभं राहून वर बघितलं की लपायला काहीच नाही हे लगेच कळतं, ते पुस्तकात वाचून कळत नाही. वर याह्या चाउश या तुर्की सार्जंटचं आणि त्याच्या लोकांचं स्मारक आहे, तिथेही जा, बाबांनी तिथेही तसाच कडक सॅल्यूट केला.

या लँडिंगनंतर आठवड्याभरात, १ मेला, २९वी इंडियन ब्रिगेड हेलेसला उतरली.

व्ही बीचवरून गाडीने पाच मिनिटांवर हेलेस मेमोरियल, तीस मीटरहून उंच दगडी स्तंभ, चारही बाजूंनी भिंत आणि भिंतीवर २० हजारांच्या वर नावं. ज्यांची कबर सापडली नाही किंवा नाहीच त्यांची ही नावं. आपल्या हिंदू-शीख सैनिकांचं दहन व्हायचं, म्हणजे त्यांच्यासाठी इथे हीच एक जागा. इंडियन आर्मीचे पॅनल शोधायला थोडं फिरावं लागतं, घाई करू नका. सापडल्यावर बाबा एका टोकापासून मोठ्याने वाचायलाच लागले. आधी हुद्दा, सुभेदार, हवालदार, नाईक, मग सिपाही सिपाही सिपाही, सिंग सिंग सिंग, मग गुरखा रायफलमन, थापा, गुरुंग, पुन. खेचरवाल्यांचा हुद्दा ड्रायव्हर. त्या नावांपाशी बाबा थांबले, प्रत्येक नाव बोटाने गिरवलं, आणि मला म्हणाले, "यांना कोणी मेडल देत नाही गं, पण रात्री पाणी वर पोचलं नाही तर सकाळी पलटण लढत नाही." ॲन्झॅकच्या कड्यांवर पाणी, दारूगोळा, रोटी-बिस्किट सगळं रात्रीच्या अंधारात याच लोकांनी वर चढवलं, खालच्या किनाऱ्यावर तोफगोळे पडत असताना.

१४व्या शिखांची गोष्ट या भिंतीपाशी समजून घ्या. ४ जून १९१५, क्रिथियाची तिसरी लढाई, झिनदेरेच्या घळीत (इंग्रज तिला गली रॅव्हिन म्हणायचे) पाचशेच्या आसपास जवान पुढे गेले आणि दिवस संपेपर्यंत त्यातले जवळपास तीन चतुर्थांश मेले किंवा जखमी झाले. मिळालेली जागा सोडून ते मागे आले नाहीत, असं मोहिमेचा सेनापती हॅमिल्टन याने नंतर लिहिलं. घळीत उतरायला पायवाट आहे, खाली समुद्रापर्यंत जाते, पण बूट चांगले हवेत आणि एकट्याने जाऊ नका, मोबाइलची रेंज येते-जाते. क्रिथिया म्हणजे आजचं आल्चितेपे गाव, तिथे चहा मिळतो, पारावर म्हातारे बसलेले असतात, भारतातून आलोय कळल्यावर आम्हाला चहाचे पैसेच देऊ दिले नाहीत.

दुपारनंतर ॲन्झॅक. कोव्ह फार छोटा आहे, जवळच बीच सिमेटरीत सिम्पसनची कबर, गाढवावरून जखमींना खाली आणणारा तो, ऑस्ट्रेलियात घराघरात माहीत. तो राहायचा-जेवायचा आपल्या पहाडी तोफखान्याच्या लोकांत आणि ते त्याला बहादूर म्हणायचे. या बॅटऱ्यांच्या तोफेची नळी दोन तुकड्यांत खेचरांवर लादायची आणि वर नेऊन स्क्रूने जोडायची. बाबांनी तिथल्या चढाकडे बघून मला दाखवलं की खेचर कुठून चढेल आणि कुठे बसकण मारेल, आणि तेव्हा मला ती टेकडी पहिल्यांदा नीट दिसली. या तोफच्यांत निम्मे पंजाबी मुसलमान होते, समोर खलिफाचं, म्हणजे मुसलमानांच्या धर्मप्रमुखाचं, सैन्य होतं, आणि तरी ते आपल्या तोफा सोडून गेले नाहीत. त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा मी अजून विचार करतेय.

शेवटी चुनुक बैर, वरून सामुद्रधुनी दिसते. शेजारच्या उंचवट्यावर, हिल क्यूवर, ९ ऑगस्टला पहाटे १/६ गुरखा, म्हणजे ६व्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण, पोचले होते. ज्या पाण्यासाठी सगळी मोहीम होती ते पाणी त्यांनी खाली बघितलं, आणि मग आपल्याच बाजूच्या तोफांचे गोळे त्यांच्यावर पडले आणि मागे यावं लागलं.

काही जण विचारतात की ती इंग्रजांची लढाई, आपण आभार कशाला मानायचे. मला इंग्रजांचे आभार मानायचेच नाहीत. पण सातारा-रत्नागिरीकडे कितीतरी गावांत महायुद्धाला इतके इतके इसम गेले असा दगड लावलेला असतो. आपल्या मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या, कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकल्या. तिथे जाणं आपल्यासारख्यांना सोपं नाही, गॅलिपोलीला आहे. घरापासून इतक्या लांब सोबतच्या माणसाला न सोडता उभा राहिलेला कोणीही असो, त्याच्या नावासमोर दोन मिनिटं उभं राहायला मला कोणाचं राजकारण आड येत नाही.

राहिलेल्या कामाच्या गोष्टी. व्हिसा: अमेरिका, यूके, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर आपल्याला ई-व्हिसा मिळतो, नाहीतर पासपोर्टवर स्टिकर व्हिसा, त्याला वेळ लागतो, नियम बदलतात म्हणून तिकिटाआधी बघून घ्या. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. १८ मार्च आणि २५ एप्रिलच्या आसपास रस्ते बंद असतात आणि हॉटेलं भरलेली, शांतपणे नावं वाचायची असतील तर त्या तारखा टाळा. हेलेस मेमोरियलपाशी दुकान नाही, सावली नाही, वारा भन्नाट, पाणी आणि टोपी गाडीत असू द्या. शाकाहारींनी मसूरचं सूप, चीजचं गोझलेमे, सिमित, ताक म्हणजे आयरान यावर दिवस आरामात काढता येतो, आणि चनाक्कलेचा चीजचा हलवा, पेयनीर हेल्वासी, चुकवू नका. स्मशानभूमीत आणि स्मारकांत प्रवेशाला पैसे नाहीत. व्ही बीचवर पोहणारे दिसतील, तुम्ही पोहू नका.

आणि निघण्याआधी घरी बसून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर हेलेस मेमोरियल आणि इंडियन आर्मी टाकून शोधा, प्रत्येक नावापुढे पॅनल नंबर दिलेला असतो. पाच-दहा नावं कागदावर काढून न्या, म्हणजे एवढ्या भिंतींपैकी कुठे उभं राहायचं ते कळेल.