अंडी न घालणाऱ्या माशीच्या पोटातला बलक

गेल्या रविवारी आईचा ठाण्याहून फोन आला. घोडबंदर रोडवरील आमच्या इमारतीच्या आठव्या मजल्यावर सज्जाखाली आग्या मोहोळ लागले असून सोसायटी ते जाळायला निघाली आहे, आणि "तू तिकडे माशांचाच अभ्यास करतेस ना, मग सांग काय करायचं," असे ती म्हणाली. आग्या माशा फुलोरा संपला की आपणहून मुक्काम हलवतात, तेव्हा खिडक्या बंद ठेवून थोडे थांबा, एवढे मी तिला सांगितले. मग ती माझ्या माशांविषयी विचारत राहिली आणि बोलणे तासभर लांबले.

मी नॉर्वेत, ओस्लोच्या दक्षिणेस असलेल्या ओस या विद्यापीठाच्या गावी राहते. सध्या येथील मधमाशांच्या पेट्यांवर वीतभर बर्फ साचला आहे; पेटीला कान लावला तर आतून मंद गुणगुण ऐकू येते. उन्हाळ्यात जन्मलेली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते, तर ही हिवाळी माशी सहा महिने तग धरते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे पोट उघडले की पाठीच्या आतल्या बाजूस सायीसारखा जाड, पांढरट थर दिसतो; मकरंद वाहून थकलेल्या उन्हाळी माशीत त्याच जागी विरळ पापुद्रा उरलेला असतो. या थरात व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन तयार होते, आणि तेही एकाच जनुकाच्या हुकमाने.

हे मुळात अंड्यातील बलकाचे प्रथिन. राणी असेपर्यंत कामकरी माशी सहसा अंडी घालत नाही, तरीही तिच्या शरीरात ते भरपूर असते, हेच मला या विषयातले सर्वांत मोठे नवल वाटते. तरुण दाई-माशी त्याच्या आधारे अळ्यांसाठी खाद्यरस बनवते. ग्रो अमदाम यांच्यासह काही संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की, हे जनुक दडपले तर माशा वेळेआधीच पोळ्याबाहेर पडू लागतात, परागापेक्षा मकरंदाकडे अधिक वळतात आणि लवकर मरतात. प्रथिनाची पातळी घसरली की रक्तातील संरक्षक पेशीही रोडावतात. मात्र बाहेर फिरणाऱ्या माशांना पुन्हा अळ्या सांभाळायला लावले, तर प्रथिन वाढते आणि त्या पेशीही भरून येतात.

राणीच्या पोटात गेलेल्या जंतूंचे तुकडे हेच प्रथिन उचलून अंड्यांपर्यंत नेते, हे २०१५ साली उलगडले. "म्हणजे बाळंतिणीच्या चिकासारखंच की," आई म्हणाली, आणि याहून नेमकी उपमा मला सुचली नसती. अळ्या सडवणाऱ्या फाउलब्रूड रोगावर याच तत्त्वाने चालणाऱ्या लशीला अमेरिकेत सशर्त परवाना मिळाल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. ती लस टोचावी लागत नाही. ती साखरेच्या लगद्यात मिसळतात, कामकरी माशा तो खाऊन राणीला रस भरवतात.

आज सकाळी आईचा निरोप आला. सोसायटीने जाळण्याचा बेत रद्द केला असून आठव्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीला जाळी बसवून घेतली आहे.