माझा नंबर कितवा?

काल रात्री लाइट गेले. लेकीने मोबाइलच्या उजेडात पुस्तक संपवलं, मिटलं आणि विचारलं, "आई, तुझ्या नावावर काय ऐकवलं असतं गं?" मी म्हटलं, झोप आता. स्वतः मात्र दोनपर्यंत जागी.

पुस्तक मीच दिलं होतं. अगाथा ख्रिस्तीबाईंचं 1939 सालचं, 'अँड देन देअर वेअर नन'. डेव्हनच्या किनाऱ्यासमोरचं बेट, आठ पाहुणे, दोन नोकर, यजमानाचा पत्ता नाही. जेवणं उरकल्यावर ग्रामोफोनवर तबकडी लागते आणि एक आवाज एकेकाचं नाव घेऊन तारखेसकट सांगतो, तुझ्यामुळे अमुक मेला. सगळे कायद्याच्या चिमटीत न सापडणारे गुन्हे.

कॉलेजात वाचलं तेव्हा खुनी कोण, एवढंच डोक्यात होतं. या खेपेला एमिली ब्रेंटपाशीच अडकले. विणकाम, बायबल, ताठ मान. मोलकरणीला दिवस गेले म्हणून हिने तिला घराबाहेर काढलं, पोरीने नदीत जीव दिला. आणि बाईंना वाटतं, मी काहीच चूक केलं नाही.

मी काहीच केलं नाही. हे वाक्य मी सव्वीस वर्षं म्हणतेय. खरंच काही केलं नाही, तोच तर घोटाळा आहे.

नोटीस बोर्डावर अर्जाची शेवटची तारीख 30 खोडून निळ्या शाईने 27 केली होती. मैत्रीण गावी गेलेली, सोमवारच्या एसटीने येणार. तिच्या गावातल्या किराणा दुकानाचा फोन नंबर माझ्या जर्नलच्या मागच्या पानावर होता. मी बूथवर गेलेसुद्धा. घरी फोन लावला, चिवडा संपला म्हणून सांगितलं, पैसे दिले आणि परत आले. जागा एकच होती. माझ्याही घरी तेव्हा काय चाललं होतं ते कोणी... जाऊ दे.

ते बेट म्हणे डेव्हनच्याच बर्ग बेटावरून सुचलेलं. तिथे ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. कादंबरीत बाईंनी ती वाट काढूनच टाकलीय, बोटीशिवाय सुटका नाही. माझ्याकडे वाट होती, दोन रुपयांची.

हे लिहिताना उगाच रडू आलं. मग हसूही. कारण खुन्याने क्रम लावलाय (कोण ते सांगत नाही): ज्याचा अपराध हलका तो आधी सुटणार, ज्याचा भारी त्याने भीत भीत शेवटपर्यंत थांबायचं. आणि मी इथे बसून स्वतःचा नंबर वर सरकवतेय! ती तर मजेत आहे. रोज सकाळी फुलांचे सुप्रभात पाठवते, परवा नातवाच्या बारशाचे एकोणीस फोटो टाकले. तिच्या यादीत माझं नाव तरी असेल का? नसलं तर बरं वाटायला हवं. वाटत नाही.

सकाळी पोहे खाताना लेकीने पुन्हा छेडलं. म्हटलं, "बाबांच्या चहात गुपचूप साखर घालते, हे ऐकवलं असतं."

"एवढंच? मग तू पहिल्याच रात्री गेलीस," म्हणाली, आणि लिंबू मागितलं.