होल्डवरचा वसंत

भरदुपारी कुठल्याशा कचेरीत फोन लावावा, पलीकडून 'कृपया प्रतीक्षा करा' ऐकू यावं आणि पाठोपाठ इटालियन संगीतकार विवाल्डीचा 'वसंत' सुरू व्हावा. दहा-बारा बार, म्हणजे तालाची छोटी आवर्तनं, होतात न होतात तोच पुन्हा बाईंचा आवाज, पुन्हा पहिल्यापासून. १७२५ साली अॅमस्टरडॅममध्ये छापलेला हा कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, बहुतेकांच्या ओळखीचा आहे तो एवढाच.

पण ते पहिले १३ बार म्हणजेच रितोर्नेल्लो, फिरून फिरून येणारा मुखडा, आणि निम्मी मेख तिथेच आहे. ओळी दोनच. पहिली जोरात, मग तीच हळू. दुसरी जोरात, मग तीही हळू. मधे चढण-उतरण नाही, सरळ एका पायरीवरून दुसरीवर. दरीत हाक मारली की परत येते, तसं. हल्लीच्या वादकांना मधली जागा भरायची भारी हौस. जोराच्या ओळीचं शेपूट अलगद उतरवत नेतात, आणि हाक कुठली, पडसाद कुठला ते कळेनासं होतं.

मग पाखरं, म्हणजे त्यांची किलबिल वाजवणारा भाग. तीनच व्हायोलिनं, खाली खर्ज नाही. त्यानंतर सगळा ताफा परततो तो मात्र दुसरी ओळ तेवढी घेऊन, तीन बार. आपला कान म्हणतो, मुखडा आला. इथवर ठीक. झऱ्यांचा भाग संपला की पुन्हा तीच ओळ, आणि इथे आपण फसतो, कारण मधल्या मधे षड्ज हललेला असतो. ई मेजरचा बी मेजर झालेला, म्हणजे पंचमालाच सा केलेलं. वादळानंतर तीच ओळ सी शार्प मायनरमध्ये, धैवताचा सा आणि गंधार कोमल. तानपुऱ्यावर वाढलेला कान चाल ओळखतो. घर बदललंय हे त्याच्या गावीही नसतं. यावर एक खटपट करून पाहावी. सुरुवातीचा सा गुणगुणत धरून ठेवायचा, काही झालं तरी सोडायचा नाही. बी मेजरमध्ये तो मध्यम होऊन खुपायला लागतो, ते लगेच कळतं. सी शार्प मायनरमध्ये तो कोमल गंधार होऊन मजेत बसतो. तिथे खर्ज वाजवणाऱ्या चेलोकडे लक्ष नसेल तर काही बदललंय याचा पत्ताच लागत नाही.

संगतीला हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, वाजवणाऱ्याची तऱ्हाच वेगळी. त्याच्या कागदावर खर्जाची एक ओळ आणि जोडीला आकडे. आकडा नसेल तर त्या सुरावरचा तिसरा आणि पाचवा. ६ असेल तर तिसरा आणि सहावा. उजव्या हातानं ते कसं मांडायचं, हे त्याचं त्यानं बघायचं. नवखा दर सुराला मूठभर पट्ट्या दाबतो. तारा छेडल्या जाणारं वाद्य ते, बोट हलकं टाकून आवाज कमी होत नाही. कमी हवा तर सूरच कमी घ्यायचे. जर्मन संगीतकार बाखनं आपल्या पाचव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोत याच संगतकाराला ६५ बार एकट्याला दिले आणि बाकीच्यांना गप्प बसवलं. बरं केलं.

'वसंता'च्या दुसऱ्या भागात मात्र हार्प्सिकॉर्ड नाही, चेलोही नाही. एकल व्हायोलिन म्हणजे झाडाखाली झोपलेला शेळीराख्या, बाकीची व्हायोलिनं म्हणजे पानांची सळसळ, आणि व्हायोला, व्हायोलिनचा थोरला भाऊ, म्हणजे त्याचं कुत्रं. पानांना सूचना 'सतत अगदी हळू', कुत्र्याला 'सतत खूप जोरात, हिसडून'. छापलेलं आहे तसं. तरी व्हायोलावाले भिडेखातर आवाज दाबतात आणि सगळं गोड गोड होऊन बसतं. एकच सूर, दोन ठोके, भू-भू, बारमागून बार. वर ती लांबच लांब तान.

शेळीराख्या काही उठत नाही.