भोकांचा झगा

आमच्या घरात आईच्या क्रोशाच्या तावडीतून एकही वस्तू सुटलेली नाही. रेडिओवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, टेलिफोन होता तेव्हा त्याच्यावर रुमाल आणि रिसीव्हरला वेगळी पट्टी. पाण्याच्या तांब्यावर गोल जाळी आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला निळे मणी. देवांना आसनं, दाराला तोरण, गणपतीच्या पाटाला झालर. मिक्सरलासुद्धा टोपी आहे. माणसं तेवढी वाचली. क्रोशाचं काही अंगावर घालायचं असतं हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. फार तर परकराला लेस, आणि ती कुणाला दिसायची नाही.

म्हणून यंदा पाडव्याला मी आईला म्हटलं, "मी क्रोशाचा ड्रेस विणणार आहे, उन्हाळ्यात घालायला," तेव्हा तिने चष्म्यावरून बघितलं.

"कोणाला?"

"मला."

"आख्खा?"

आख्खा. कारण वेंगुर्ल्याचा उन्हाळा. इथे पारा फार चढत नाही, ३३-३४ म्हणजे डोक्यावरून पाणी. माझी नागपूरची मावसबहीण ४५ अंशांचे आकडे सांगते आणि आमच्या ३४ ला हसते. मे महिन्यात एकदा आली, दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पडवीतल्या लादीवर आडवी झाली ती चहालाच उठली, आणि उठली तेव्हा हसत नव्हती. तिकडे घाम येतो आणि वाळतो. इकडे येतो आणि मुक्कामाला राहतो. हवेतच इतकं पाणी असतं की अंगावरच्या पाण्याने जायचं कुठे? वारा हाच काय तो उपाय. दुपार चढली की समुद्रावरून वारा सुटतो, झावळ्या सळसळायला लागतात, आणि त्या वेळी अंगावर जे काही असेल त्यातून तो आत शिरला पाहिजे. मी मागच्या वर्षी हौसेने एक तयार 'समर ड्रेस' घेतला होता, फुलाफुलांचा. आतून पॉलिस्टरचं अस्तर. वारा आत जायचं सोडाच, वाफ बाहेर पडत नव्हती. इडलीपात्र नुसतं.

तेव्हा ठरवलं, आपण भोकंच घालायची. क्रोशा म्हणजे तरी काय, दोऱ्याने भोकं बांधायची कला.

पहिला प्रयत्न मी आईला न विचारता केला, आणि तो तसाच झाला. जाड सुती दोरा मागवला, रंग कच्च्या कैरीचा, बघूनच प्रेमात पडले. नमुना इंटरनेटवर मिळाला, इंग्रजीत. त्यात ठिकठिकाणी 'डबल क्रोशे' लिहिलेलं. हा टाका नक्की कुठला म्हणून मी आईच्या कपाटातली जुनी, पानं सुटलेली इंग्रजी पुस्तिका काढली आणि तिच्यात दिलेला 'डबल' घालत सुटले. खांद्यांपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की आपण ड्रेस नाही, पायपुसणं विणतोय. उभं केलं तर उभं राहील असं.

भानगड अशी आहे की अमेरिकेतले विणणारे ज्याला 'सिंगल' म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये 'डबल' म्हणतात, आणि अमेरिकेचा 'डबल' तो ब्रिटनचा 'ट्रेबल'. नावं तीच, टाके वेगळे. नमुना अमेरिकेचा आणि पुस्तिका ब्रिटिश वळणाची, त्यामुळे प्रत्येक उंच टाक्याच्या जागी मी बुटका घालत गेले. आईने ते पायपुसणं हातात घेतलं आणि म्हणाली, "अगं, खांब घालायचे तिथे मुके खांब घातलेस."

मराठीत हा घोळच नाही. आमच्या क्रोशाची भाषा सगळी घर बांधणाऱ्यांची. साखळी, खांब, अर्धा खांब, कमान, आणि सगळ्यांत बुटका तो मुका खांब. मुका का, तर तो काही बोलत नाही, असं आईचं उत्तर. मला ते पटतं. मुका खांब कधी दिसण्यात येत नाही, दोन ओळींच्या मध्ये गप्प उभा राहून ओझं धरतो. उंच खांबाच्या बाजूला मोकळी जागा पडते, मुक्याच्या बाजूला पडत नाही. वारा हवा असेल तर खांबच हवेत आणि खांबांच्या मध्ये साखळी. एवढं सरळ होतं, आणि मी दोन देशांच्या भांडणात शिरले.

उसवलं. क्रोशा उसवताना एक प्रकारचं क्रूर सुख असतं. सुईवर शेवटचा एकच फास जिवंत असतो. तो सोडायचा, दोरा ओढायचा, आणि तीन आठवड्यांचं काम तुर्र तुर्र आवाज करत पाच मिनिटांत परत गुंडा होऊन बसतं. विणताना मात्र ते 'तुर्र' कुठेच नव्हतं.

दुसऱ्या वेळी आईला गुरू केलं. सावंतवाडीच्या बाजारातून २० नंबरचा पांढरा दोरा आणला, तांब्यावरच्या जाळीला लागतो तोच. आईचं म्हणणं सुरुवातीला मला उलटं वाटलं: दोरा बारीक घे आणि सुई मात्र त्याच्या मानाने मोठी. बारीक दोऱ्याला बारीक सुई लावली की काम घट्ट होतं, रुमालासारखं, टेबलावर शोभतं. अंगावर पडायचं असेल, कापडाला झोळ हवा असेल, तर सुई मोठी. मी ३ मिलिमीटरची घेतली. गळ्यापासून सुरुवात, १४४ साखळ्या, त्यांचा गोल, आणि मग एक खांब, एक साखळी, एक खांब, एक साखळी, खाली खाली. वरून खाली विणायचं म्हणजे मधेच घालून बघता येतं आणि लांबी आपल्या हातात राहते. एक गोष्ट तिने तीनदा सांगितली आणि मी तिन्ही वेळा ऐकली नाही: चार बोटं रुंद तुकडा विणून धू, वाळव, मग मोज. तिच्यावर पुढे येते.

आईच्या सुया बघण्यासारख्या आहेत. बारीक दोऱ्याच्या सुया पोलादी असतात आणि आमची खारी हवा पोलाद खाते. शिलाई मशीनच्या तेलाचं बोट लावलेल्या फडक्यात गुंडाळून आई त्या सुया कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत ठेवते. काम करताना आधी तेल पुसायचं, नाहीतर पांढऱ्या दोऱ्यावर पिवळा डाग. माझी सुई ॲल्युमिनियमची, तिला गंज नाही, पण दुपारी घामाने दोरा तिच्यावर अडायला लागतो, किंचित चिरकतो. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावरून दोरा धावतो, तिथे आठवड्याभरात एक रेघ पडते, आणि घाम आला की ती झोंबते. उपाय म्हणून मी बोटांना पावडर लावायची. लाईट गेली की पंखा बंद, मग आई म्हणायची, "आता ठेव." मी ठेवायचे नाही.

शेजारच्या काकी रोज काही ना काही मागायला येतात आणि बातमी देऊन जातात. त्यांनी मांडीवरचा पसारा बघितला.

"गो, ह्या काय विणतंस? पाग?"

"ड्रेस आहे, काकी."

"आणि ह्या घालून खंय जातलंस?"

"सागरेश्वरच्या किनाऱ्यावर. फिरायला."

काकींनी एका भोकात करंगळी घालून बघितली. "फिराक जा. पण दर्यात उतरा नुको, मासे गावतले."

पाग म्हणजे फेकायचं जाळं. काकींना ती थट्टा वाटली, मला ते डोक्यात बसलं. लाईट गेलेली एक संध्याकाळ बघून मी पिशवी उचलली आणि बंदरावर गेले. मे महिना सरत आला की तिथे होड्या वर ओढायची तयारी चालू असते, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्या आधी आणि त्या दरम्यान जाळी दुरुस्तीला निघतात. एका होडीच्या सावलीत एक आजोबा पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून बसले होते. हातात दोरा भरलेली सुई, आणि बांबूची चपटी कामटी. दोरा कामटीवरून घ्यायचा, गाठ मारायची, कामटी काढायची. कामटीच्या मापाचं भोक तयार. जाळ्याच्या भोकाला 'आस' म्हणतात. आस केवढा त्यावर कुठला मासा अडकायचा आणि कुठला सुटायचा ते ठरतं. सगळं काम दोऱ्याचं, पण मोजतात मात्र भोक.

मी थोडी लांब बसून माझं विणत होते. दहा मिनिटांनी त्यांनी हात पुढे केला. दिलं. त्यांनी कापड उन्हाकडे धरलं नाही, की मागेपुढे केलं नाही. डोळे समुद्राकडे ठेवून अंगठा आणि बोट ओळींवरून फिरवलं.

"तुझे आस ल्हान-मोठे झाले आसत."

मी काही बोलायच्या आत त्यांनी बोट ठेवलं. "ह्ये दुपारचे. घाम येता, दोरो वढता, आस घट्ट. आणि ह्ये रातचे, ढिले."

मी बघितलं. खरंच होतं. सात ओळी आवळलेल्या, पाच सैल, पुन्हा चार आवळलेल्या. माझ्या एप्रिलचा सगळा घामाचा हिशेब त्या जाळीत उतरला होता आणि मी तो 'नक्षी' समजत होते. कामटी का वापरायची हे त्या दिवशी कळलं. त्यांना घाम येतो की नाही, कामटीला येत नाही.

एक फरक मात्र आहे, आणि तो मी त्यांना अभिमानाने सांगितला नाही. त्यांच्या जाळ्यात प्रत्येक आसाला गाठ असते. एक आस फाटला तरी शेजारचा आपल्या जागी. माझ्या अख्ख्या ड्रेसात गाठ म्हणावी ती सुरुवातीची, शेवटची आणि दोऱ्याचा गुंडा संपला तिथली. बाकी नुसता फासातून फास. विश्वासावर चाललेलं काम.

ड्रेस विणायला लागल्यापासून मी दुकानांत क्रोशाचे कपडे उलटून बघायला लागले. दोन सुयांचं विणकाम यंत्रं कधीच करायला लागली, स्वेटर ढिगाने निघतात. पण खरा क्रोशाचा टाका अजून यंत्राला जमलेला नाही. यंत्रावरची 'क्रोशासारखी' जाळी वेगळी असते, आणि एकदा स्वतः उसवून बघितलं असेल तर ती ओळखूही येते. म्हणजे मॉलमध्ये टांगलेला क्रोशाचा टॉप, तो कितीही स्वस्त असो, कुणीतरी बसून हाताने विणलेला आहे. आंध्रात गोदावरीकाठी नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना ही लेस शिकवली. तिथे आजही हजारो बायका घरी बसून ती करतात, आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या बायकांचा अभ्यास मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी केला, तो १९८२ मध्ये छापून आला. त्यांना दिसलं ते असं की परदेशी जाणारा माल तासन् तास विणणाऱ्या या बायकांना सगळे, आणि त्या स्वतःही, 'गृहिणी' म्हणतात. रिकाम्या वेळात करतात म्हणे. हे आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "रिकामा वेळ म्हणजे कुठला?" एवढंच म्हणाली आणि खडा बाहेर टाकला.

माझा ड्रेस १ जूनच्या आठच दिवस आधी पुरा झाला. गुडघ्याच्या जरा खाली, हवा तसा. आईच्या एका विरलेल्या सुती साडीचं आतून अस्तर शिवलं, पट्ट्यांचं, खांदे आणि पाठ जाळीचीच ठेवली. आंबे तोलायच्या काट्यावर वजन केलं: ३९० ग्रॅम. म्हणजे साधारण दीड हापूस. मी इतकी खूष झाले की लगेच धुवून खळ्यातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातला.

दुपारी बघते तर ड्रेस घोट्यापर्यंत आलेला.

ओला सुती दोरा तुटत नाही, उलट कोरड्यापेक्षा बळकट असतो. पण भिजला की जड होतो, आणि जाळीला ते वजन अडवायला काही नसतं, प्रत्येक भोक थोडं थोडं लांब होतं. दोनशे ओळींत प्रत्येकी मिलिमीटरभर म्हटलं तरी वीतभर. तीनदा सांगितलेली गोष्ट ती हीच होती. आईने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. तिने ड्रेस दोरीवरून काढला, खाटेवर पसरला, तळहातांनी खालून वर सारत नीट बसवला, आणि म्हणाली, "क्रोशाचं कधी टांगू नये. निजवावं." तरी जी वाढली ती बरीच वाढली होती. वरून खाली विणल्याचा फायदा तेव्हा झाला. शेवटची ओळ खालीच होती. फास सोडला आणि ओढलं. तुर्र. एकवीस ओळी गेल्या. त्या दोऱ्याचा गुंडा आईने न विचारता डब्यात ठेवला. मिक्सरची टोपी जुनी झाली आहे.

मग एक सकाळ धरून मी तो घालून सागरेश्वरला गेले. वारा आत आला. खरंच आला, एका बाजूने शिरला, दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. पाठ पहिल्यांदा कोरडी. मी इतक्या आनंदात होते की सुरूच्या सावलीत बसायचंच विसरले, साडेबारापर्यंत पाण्याच्या कडेने चालत राहिले. भोकांतून वारा येतो तिथूनच ऊन येतं हे मला घरी येऊन आंघोळीचं पाणी पाठीवर पडलं तेव्हा कळलं.

आईला हाक मारली. ती खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि पाठीमागे नुसती उभी राहिली. मला आरशात वळून जेवढं दिसलं ते असं: मानेच्या खाली, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत, तांबडे लाल बारीक चौकोन आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या रेघा. सगळा नमुना जसाच्या तसा उतरलेला.

"जळजळतंय गं, लाव ना."

"थांब जरा," ती म्हणाली आणि चष्मा आणायला गेली. परत येऊन तिने माझ्या उजव्या खांद्याखाली हलकेच बोट टेकवलं.

"इथे बघ. चौथ्या ओळीत एक खांब राहिलाय तुझा."