सिलिकोसिसची भरपाई: सगळं अडलं ते रुग्णालयात

मी फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंगला होतो. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला जळकी वाळू चिकटून राहते, ती छिन्नीने आणि ग्राइंडरने काढायची. त्यातून जी उडते ती सिलिकाची धूळ. ती फुफ्फुसात बसून होतो तो आजार म्हणजे सिलिकोसिस. भरपाईचा अर्ज, वकील, नुकसानभरपाई आयुक्तांसमोरच्या तारखा हे सगळं वेळ खाऊन का होईना, पार पडलं. पण 'हा आजार कामावरच्या धुळीमुळे झाला' असं लिहिलेल्या एका कागदासाठी रुग्णालयाने मला जे झुलवलं त्याचा राग अजून गेलेला नाही. तो कागद हातात नसेल तर पुढचं काहीच हलत नाही, म्हणून लिहितोय.

दम लागायला लागला तेव्हा आधी टीबीची औषधं सुरू झाली. थुंकी दरवेळी निगेटिव्ह, तरी कोर्स पुरा करायला लावला. एक्स-रेच्या रिपोर्टवर 'ओल्ड कॉक्स', म्हणजे जुना टीबी. टीबी आणि सिलिकोसिस एक्स-रेत सारखे दिसू शकतात, शिवाय सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. त्यामुळे पहिला अंदाज चुकला याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. सीटी स्कॅन झाल्यावर छातीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. फुफ्फुसांच्या वरच्या भागातले बारीक ठिपके आणि गाठींच्या कडेने साचलेलं कॅल्शियम बोटाने दाखवत म्हणाले, "काका, ही कामावरची धूळ आहे. बरं होणारं नाही. आता धुळीत पाऊल टाकू नका." आणि केस पेपरवर लिहिलं फक्त 'फायब्रोसिस', म्हणजे फुफ्फुसात वण. कशामुळे, ते कुठेच नाही.

मी म्हटलं, "डॉक्टर, आत्ता जे बोललात तेवढंच लिहून द्या." तर म्हणाले, "तसं लिहिलं की मला साक्षीला बोलावतात. कंपनीच्या डॉक्टरांकडून घ्या." कंपनीचे डॉक्टर म्हणाले, "आमच्या वार्षिक तपासणीत तुम्ही नॉर्मल आहात, मोठ्या रुग्णालयातून आणा." परत रुग्णालयात. खिडकीवरचा कारकून म्हणाला, असल्या सर्टिफिकेटचा आमच्याकडे फॉर्मच नाही, साहेबांना भेटा. साहेब मीटिंगला. ओपीडीत दर खेपेला नवा शिकाऊ डॉक्टर, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि तो ऐकून घेऊन पुन्हा 'फायब्रोसिस' लिहिणार. अधीक्षकांचं ऑफिस वरच्या मजल्यावर. मी जिन्यात मध्ये थांबून श्वास घ्यायचो आणि वर पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असायची. फुफ्फुसाच्या रुग्णाला असं फिरवताना कुणालाच काही वाटत नव्हतं, हे मला अजून सहन होत नाही.

इकडे मुदत चालू होती. भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. आजारामुळे सलग कामावर जाता आलं नाही, त्याच्या पहिल्या दिवसापासून ही दोन वर्षं धरतात. सबळ कारण दाखवलं तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका.

कोंडी फुटली ती युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यामुळे. त्यांनी कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ८९ काढून दिलं. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला तिसऱ्या अनुसूचीतला आजार आहे असं डॉक्टरांना वाटलं, तर मुख्य कारखाने निरीक्षकांना विनाविलंब लेखी कळवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. रुग्णाचं नाव-पत्ता, आजार, कारखान्याचं नाव, सगळं. सिलिकोसिस त्या यादीत होता. न कळवल्यास दंड १,००० रुपयांपर्यंत होता. दंड किरकोळच, पण कलम छापील दाखवलं की समोरच्याचा सूर बदलतो. मी अधीक्षकांच्या नावे अर्ज दिला, सोबत कलमाची झेरॉक्स, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे कारखाने निरीक्षकांच्या ऑफिसला. त्यानंतर त्याच डॉक्टरांनी, त्याच टेबलावर बसून लिहून दिलं: सिलिकोसिस, फाउंड्रीतल्या धुळीमुळे.

एक राहिलंच. केस पेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात माझ्यापुढे नुसतं 'नोकरी' लिहिलेलं होतं. पहिल्याच दिवशी तिथे कारखान्यातलं खातं आणि किती वर्षं काम केलं ते लिहायला लावा. पुढे ते फार कामाला येतं.

आणि नुसतं निदान पुरत नाही. कमाईची क्षमता किती टक्के गेली तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या, भरपाईचा हिशेब त्यावरच होतो. अपंगत्वाची टक्केवारी वेगळी, तिच्यात गल्लत करू नका.

माझ्या दाव्याचा कायदा होता १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, भाग क मध्ये सिलिकोसिस होता, आणि ठरलेला काळ त्या कामावर काढला असेल तर आजार हा कामावरचा अपघातच धरत. तसं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. पगार कितीही असो, हिशेबाला महिन्याचे १५,००० च धरले, हे मात्र मला अन्यायाचं वाटतं. ज्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होता त्यांना या कायद्याखाली मागता येत नव्हतं, त्यांचा दावा ईएसआयकडेच. माझा पगार त्यांच्या महिना २१,००० च्या मर्यादेच्या वर गेला होता म्हणून मी इकडे आलो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या श्रम संहितांमध्ये गेलेत, तेव्हा नव्याने अर्ज करताना कलमांचे आकडे वकिलाकडून तपासून घ्या.

कंपनीने मध्येच थोडी रक्कम देऊन 'यापुढे काही मागणार नाही' अशा कागदावर सही मागितली. १९२३ च्या त्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल ठरत होता. मी सही केली नाही. रक्कम बारा टक्के व्याजासकट आयुक्तांकडे जमा झाली आणि मी ती तिथूनच घेतली.